बाबूराव पेंटर : दोन पडद्यांमधील कारकीर्द

'स्वयंशिक्षित' हे विशेषण मराठी समीक्षेत पुष्कळदा कौतुकासाठी वापरले जाते, आणि तितक्याच वेळा ते विचार थांबवण्याच्या कामी येते. एखादा कलावंत कोणत्याही विद्यालयाची पायरी न चढता मोठा झाला, असे एकदा म्हटले की त्याचे सारे कर्तृत्व प्रतिभेच्या खात्यावर जमा होते. मग तो नेमके काय शिकला, कोणाच्या हाताखाली शिकला आणि काय शिकू शकला नाही, हे प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर ह्यांच्याविषयीचे बरेचसे लेखन ह्या दोषापासून मुक्त नाही. त्यांना 'कलामहर्षी' म्हणण्याचा प्रघात आहे. आणि महर्षी म्हटल्यावर त्याची बाराखडी कोणी गिरवून घेतली हे विचारणे औचित्याला सोडून वाटते.

ह्याच्याच जोडीला 'पहिले'पणाची एक यादी नेहमी दिली जाते. पहिला स्वदेशी कॅमेरा, कृत्रिम प्रकाशाचा पहिला उपयोग, पहिला सामाजिक चित्रपट, पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया अशी ती यादी वाढत जाते. तिच्यातील काही नोंदी तपासल्यास टिकत नाहीत. 'सैरंध्री'त स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली हे खरे आहे. परंतु त्याआधी सात वर्षे, 1913 मध्ये, दादासाहेब फाळके ह्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. 'सिंहगड' पाहण्यास झालेली गर्दी बघून सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, ही कथाही आवडीने सांगितली जाते. चित्रपट 1923 चा आणि मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदाही 1923 चाच, एवढाच तिचा आधार दिसतो; आणि तो कायदा त्या वर्षाच्या कायद्यांत पहिल्या क्रमांकाचा आहे, हे लक्षात घेता ती कथा कथा म्हणूनच ऐकावी हे बरे. पहिलेपणा हा कालगणनेचा विषय आहे, आणि त्यातून कलेचे मूल्य ठरत नाही. बाबूरावांच्या बाबतीत तर ह्या यादीने त्यांचे खरे कार्य झाकून टाकले आहे.

ते कार्य समजण्यासाठी त्यांच्या आडनावापासून आरंभ करणे सोयीचे आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ह्यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे होते. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम व मूर्तिकाम ह्यांत निष्णात होते, आणि त्या घरात ह्या चार विद्या वेगळ्या मानल्या जात नव्हत्या. शालेय शिक्षण बाबूरावांच्या वाट्याला थोडेच आले. परंतु ज्या घरात रंधा, भाता, कुंचला आणि मातीचा गोळा एकाच अंगणात वापरला जातो, त्या घरातील मुलाला अशिक्षित म्हणणे म्हणजे शिक्षण हा शब्द फारच संकुचित करणे होय. मेस्त्री हे नाव मागे पडून पेंटर हा व्यवसायवाचक शब्दच आडनावाच्या जागी रुजला. नाव बदलले, तरी हात मेस्त्र्याचाच राहिला.

तेव्हाचे कोल्हापूरही विचारात घेतले पाहिजे. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे मल्ल, गवई, चित्रकार आणि नाटक मंडळ्या ह्या सर्वांना त्या नगरात वाव होता. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे तेथे होते, आबालाल रहिमान ह्यांची चित्रकला तेथे होती, आणि 1915 साली पॅलेस थिएटर उभे राहिले. (पुढे केशवराव भोसले ह्यांचे नाव लाभलेली ही वास्तू ऑगस्ट 2024 मध्ये आगीत भस्मसात झाली.) अशा नगरात बाबूराव व त्यांचे चुलतबंधू आनंदराव ह्यांनी जो धंदा पत्करला तो नाटकांचे पडदे रंगवण्याचा. संगीत रंगभूमीच्या त्या भरभराटीच्या काळात राजवाडा, अरण्य, राजमार्ग आणि दरबार हे सारे कापडावर रंगवलेले असे, आणि देखावा पाहूनच टाळ्या पडत. केशवराव भोसले ह्यांच्या 'ललितकलादर्श'सारख्या मंडळ्यांसाठी ह्या दोघा भावांनी काम केले आणि त्यांचा लौकिक झाला.

मराठीत नाटकाच्या रंगवलेल्या कापडाला पडदा म्हणतात आणि ज्यावर चित्रपट उमटतो त्यालाही पडदाच म्हणतात. बाबूरावांची कारकीर्द म्हणजे पहिल्या पडद्याकडून दुसऱ्याकडे केलेला प्रवास होय. आणि त्या प्रवासात पहिला पडदा फाडावा लागला, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट आहे.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला आणि ह्या दोघा भावांना नव्या विद्येने झपाटले. चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करीत असताना प्रक्षेपणाचे यंत्र त्यांच्या हाती आले, आणि त्या यंत्राने त्यांना कॅमेऱ्याचे रहस्य शिकवले. ह्यात चमत्कार नाही. प्रक्षेपक आणि कॅमेरा ह्या दोन यंत्रांचे अंतःकरण एकच असते: फिल्मची पट्टी झटक्याने पुढे न्यावयाची, प्रत्येक चौकटीशी क्षणभर थांबवावयाची, आणि ती सरकत असताना झडपेने प्रकाश अडवावयाचा. एकात प्रकाश आतून बाहेर जातो, दुसऱ्यात तो बाहेरून आत येतो. ज्याला चाके, दाते आणि झडपा हाताने घडवता येतात त्याला ही उलटापालट कळणे अशक्य नव्हते. फाळक्यांनी 1912 साली लंडनला जाऊन कॅमेरा विकत आणला. कोल्हापूरच्या मेस्त्र्यांनी तो घडवावयास घेतला. आनंदराव 1916 मध्ये निवर्तले आणि यंत्र अपुरे राहिले. पुढे विष्णुपंत दामले ह्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी ते 1918 साली पुरे केले. गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी भांडवल पुरवले, आणि 1917-18 च्या सुमारास 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' स्थापन झाली. कोल्हापुरात आज ह्या बंधूंचे स्मारक आहे ते कॅमेऱ्याच्या स्तंभाच्या रूपाने. स्मारक योग्यच आहे. तथापि कॅमेरा घडवणे हा त्यांच्या पराक्रमाचा पूर्वार्ध होता आणि तो तुलनेने सोपा होता. अधिक कठीण प्रश्न पुढे होता, तो म्हणजे ह्या कॅमेऱ्यासमोर ठेवावयाचे काय.

पडदे रंगवण्यात ज्याची हयात जात होती त्याने कॅमेऱ्यासमोर आपलेच पडदे टांगणे स्वाभाविक होते. त्या वेळी रीतही तीच होती. 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग आज पाहावयास मिळतो (तो 1917 च्या दुसऱ्या आवृत्तीचा असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे), त्यात राजवाड्यामागे रंगवलेले कापड स्पष्ट ओळखू येते. बाबूरावांनी मात्र भरीव रचनेची कास धरली: भिंत म्हणून भिंत, खांब म्हणून खांब, ज्याच्याभोवती पात्राला फिरता येईल आणि ज्याची सावली जमिनीवर पडेल असा. चित्रपटाच्या इतिहासात ही 'नेपथ्यातील सुधारणा' म्हणून एका वाक्यात नोंदली जाते. वस्तुतः ती एका चित्रकाराने चित्रकलेच्या मर्यादेची दिलेली कबुली होती, आणि ती देण्यास चित्रकारच हवा होता.

ह्याचे कारण तांत्रिक आहे. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला अतिशय संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी असे. पडदा रंगवणारा दूरचे डोंगर निळसर छटांनी मागे ढकलतो आणि जवळच्या वस्तू तांबूस छटांनी पुढे आणतो. त्याच्या खोलीचा सारा आभास ह्या दोन रंगांवर उभा असतो. फिल्मवर तो निळा पांढुरका होऊन उडून जातो, आणि तांबडा काळा ठिक्कर पडतो. नाटकगृहात रात्रीच्या दिव्यांत जो महाल खरा वाटतो तो ह्या यंत्राच्या डोळ्याला डागाळलेले कापड दिसतो. दुसरी अडचण सूर्याची. मूकपटांचे चित्रण बहुधा उघड्यावर, सूर्यप्रकाशात होत असे. पडद्यावरील खांबाची सावली चित्रकाराने एकदा रंगवली की ती तेथेच राहते; पात्राची सावली मात्र सकाळी एका बाजूस आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूस पडते. एकाच दृश्यात दोन सूर्य असल्यासारखे होते. त्यात वारा आला की महालाची भिंत हलते! ह्या गोष्टी पुस्तक वाचून समजणाऱ्या नव्हेत. ज्याने शेकडो हात कापड स्वतः रंगवले आहे त्यालाच आपली कोणती युक्ती कोठे फसते हे प्रथम दिसते. बाबूरावांना ते दिसले, आणि ज्या कौशल्यावर त्यांचे नाव झाले होते ते कौशल्य त्यांनी बाजूला ठेवले. त्याच्या जागी घराण्यातील दुसरी विद्या, सुतारकाम, पुढे आली. स्वयंशिक्षणाचा अर्थ येथे उलगडतो: नवे शिकण्याइतकेच, आपण उत्तम जाणतो ते कोठे वापरू नये हे त्यांनी स्वतःला शिकवले.

'सैरंध्री' 1920 साली पुण्यात दाखवला गेला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. ह्या गौरवाचा अर्थ लावताना कथाभाग विसरता येत नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे 'कीचकवध' हे नाटक 1907 चे. त्यातील कीचकाच्या ठिकाणी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत असे, आणि 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. दहा वर्षांनी तोच कीचक मूकपटात मारला गेला. पात्रे बोलत नव्हती, म्हणून राजद्रोही वाक्य पकडण्याची सोय नव्हती. परंतु कीचकाच्या वधाचे दृश्य इतके भीषण उतरले होते की ते पुढे काढावे लागले असे नमूद आहे. टिळकांच्या पदवीत कलेची पारख किती आणि राजकीय समाधान किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. कलावंताला मात्र त्या घटनेने एक गोष्ट शिकवली असली पाहिजे: रंगभूमीवर शब्दाने साधणारा परिणाम देहाच्या हालचालीने, वस्तूच्या वजनाने आणि अंधार-उजेडाने साधता येतो.

'सिंहगड'मध्ये हीच जाणीव पुढे गेलेली दिसते. आधार हरि नारायण आपटे ह्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' ह्या कादंबरीचा. हरिभाऊंच्या कादंबरीची शक्ती निवेदकाच्या संथ, विश्वासू वाणीत आणि लांब संवादांत आहे. मूकपटाला ह्यांतील काहीच उपलब्ध नाही. चारदोन ओळींची पाटी, आणि तीही बहुधा दोन-तीन लिप्यांत, एवढीच त्याची भाषा. भाषांतर करणाऱ्याला जे गळून जाईल अशी सतत धास्ती असते ते येथे आरंभीच गळून पडलेले असते. मग उरते काय? उरतो तो प्रसंग: रात्र, कडा, दोर आणि वर चढणारी माणसे. रात्रीचे दृश्य भर दुपारी घेऊन फिल्मला निळा रंग देण्याची तेव्हा सर्वत्र रीत होती. बाबूरावांनी रात्रीसाठी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. ह्यातही 'पहिले'पणाचा वाद घालता येईल, पण तो व्यर्थ आहे. कोंढाण्याची कथा रात्रीची आहे, आणि तिला खरा अंधार हवा होता, एवढे पुरे आहे. निळ्या रंगात बुडवलेली दुपार म्हणजे पुन्हा रंगवलेला पडदाच झाला असता.

ह्या कंपनीत जे लोक जमले त्यांची नावे वाचताना पुढच्या पंचवीस वर्षांचा मराठी चित्रपट एका छपराखाली दिसतो. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर, केशवराव धायबर, शांताराम वणकुद्रे. येथे कोणाला एकच काम नेमून दिलेले नसे; जो सेट ठोकी तोच प्रसंगी भूमिका करी आणि रात्री रसायनगृहात फिल्म धुई. गुरू स्वतः वेषभूषा रेखाटी, प्रसंगाची मांडणी कागदावर काढून पाही, आणि चित्रपट पुरा झाल्यावर त्याचे भित्तिचित्रही स्वतः रंगवी. 1924 च्या 'कल्याण खजिना'ला वेंब्ली येथील प्रदर्शनात पदक मिळाल्याची नोंद आहे. तो चित्रपट आज नाही. त्याचे बाबूरावांनी रंगवलेले भित्तिचित्र मात्र आहे, आणि भारतीय चित्रपटाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने भित्तिचित्र म्हणून ते दाखवले जाते. ज्या कलावंताने रंगवलेला पडदा टाकून दिला त्याच्या त्या चित्रपटाची साक्ष आज रंगवलेल्या कागदानेच द्यावी, हा योगायोग थोडा क्रूर आहे.

येथे समीक्षेची अडचण उघडपणे सांगितली पाहिजे. बाबूरावांचे मूकपट जवळजवळ सगळे नष्ट झाले आहेत. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही होती आणि दमट हवेत कुजत असे. जुन्या प्रतींतील चांदी काढून घेण्यासाठीही त्या वितळवल्या जात. त्यामुळे ह्या दिग्दर्शकाविषयीचे प्रत्येक विधान आठवणींवर, छायाचित्रांवर आणि शिष्यांच्या कामावर आधारलेले असते. अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे जे दिसत नाही ते थोर होते असे गृहीत धरण्याचा. दुसरा म्हणजे जे दिसत नाही त्याविषयी बोलूच नये असा. पहिल्याने आख्यायिका तयार होतात, दुसऱ्याने इतिहासात भोक पडते. ज्याचा ग्रंथ लुप्त झाला आहे अशा ग्रंथकाराविषयी संस्कृतचे अभ्यासक ज्या रीतीने लिहितात, म्हणजे नंतरच्यांच्या अवतरणांवरून आणि खंडनांवरून, तीच रीत येथे अवलंबावी लागते.

ह्या रीतीची कसोटी लागते ती 'सावकारी पाश'च्या बाबतीत. 1925 च्या ह्या चित्रपटाची कथा नारायण हरि आपटे ह्यांची. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि त्याला शहरात जाऊन गिरणीत मजुरी करावी लागते, एवढाच तिचा सांगाडा. तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम ह्यांनी केले, सावकाराचे झुंजारराव पवार ह्यांनी. देव, राक्षस आणि मावळे ह्यांच्याने भरलेल्या पडद्यावर एक कर्जबाजारी कुणबी येणे ही आज साधी गोष्ट वाटते. तेव्हा ती साधी नव्हती. विषय मात्र दख्खनला अगदी परिचित होता: 1875 मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती, 1879 मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला होता, आणि जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 1883 चा. साहित्यात आणि न्यायालयात जे पन्नास वर्षे चालू होते ते पडद्याला आताच दिसले.

ह्या चित्रपटासंबंधी एक आठवण वारंवार सांगितली जाते. दिग्दर्शक व निर्माते जे. बी. एच. वाडिया ह्यांच्या मनावर अंधुक उजेडात दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे कायमचे कोरले गेले होते. ही आठवण पुष्कळदा 1925 च्या मूकपटाला चिकटवली जाते. थोडा विचार केला तरी घोटाळा ध्यानात यावा: मूकपटात कुत्रे विव्हळणार कसे? वाडियांची ती आठवण 1936 साली बाबूरावांनी पुन्हा केलेल्या बोलपटाची आहे. परंतु ह्या चुकीतही एक तथ्य दडलेले आहे. त्या दृश्याचे बळ झोपडीच्या अंधारात आहे. आवाज आला तो त्या अंधाराला गडद करण्यासाठी. म्हणजे ध्वनीला बाबूरावांनी शब्दाचे वाहन न मानता आणखी एक छाया मानले. बोलपट आला तेव्हा जवळजवळ सारे दिग्दर्शक पात्रांना बोलायला आणि गायला लावण्यात गुंतले होते. ज्याच्या कलेचा पाया मुकेपणात घातला गेला होता त्याने कुत्र्याला बोलते केले. ह्या एका दृश्यावरून एवढे अनुमान काढणे धाडसाचे आहे, हे खरे. पण त्यांच्या आधीच्या सर्व कामाची दिशा पाहता ते अनुमान निराधार नाही.

1925 चा 'सावकारी पाश' प्रेक्षकांनी स्वीकारला नाही. भर पैशाचा चित्रपट हवा असेल तर देव आणि तलवारी पाहिजेत, हा त्या काळचा हिशेब होता, आणि बाबूराव पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक कथांकडे वळले: 1927 मध्ये 'मुरलीवाला', दशकाच्या अखेरीस 'लंका'. ह्या माघारीचा दोष केवळ प्रेक्षकांवर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. नव्या विषयासाठी नवा प्रेक्षक हळूहळू घडवावा लागतो. एका अपयशानंतर तो विषयच सोडून द्यावयाचा हा चिकाटीचा अभाव होय. बिमल रॉय ह्यांचा शेतकरी 'दो बीघा जमीन'मध्ये कलकत्त्यास गेला तो 1953 मध्ये, अठ्ठावीस वर्षांनंतर. बाबूरावांनी उघडलेल्या दारातून दुसरे पाऊल त्यांनी स्वतः लवकर टाकले असते तर मराठी चित्रपटाचा इतिहास निराळा झाला असता काय, हे सांगणे शक्य नाही. पण दार उघडून ते तेथे अकरा वर्षे थबकले, एवढे नोंदवणे भाग आहे.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले, आणि सीतारामपंत कुलकर्णी ह्यांच्यासह त्यांनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. ह्या फुटीची कारणे पैशाची, मानापमानाची आणि गुरूच्या लहरीपणाची म्हणून सांगितली जातात. लहरीपणाच्या आख्यायिका विपुल आहेत. चित्रीकरणाची सर्व सिद्धता झालेली असावी आणि बाबूरावांनी त्या दिवशी कॅमेऱ्याला हातच लावू नये, अशा प्रकारच्या. परंतु ह्या कथांच्या मुळाशी स्वभावापेक्षा कामाची एक विशिष्ट पद्धत होती. बाबूरावांची कला एकहाती होती. कॅमेरा, सेट, वेष, प्रकाश, भित्तिचित्र हे सगळे एका मनातून आणि शक्यतो एकाच हातातून यावे, ही त्या मेस्त्री-परंपरेची धारणा. मूर्ती घडवताना अशी धारणा गुण ठरते. वर्षाकाठी ठरावीक चित्रपट देऊ पाहणाऱ्या कंपनीत तीच धारणा सर्वांना थांबवून धरते: हात एक आणि वाट पाहणारे पन्नास.

'प्रभात'ने नेमके हेच बदलले. दिग्दर्शन शांतारामांनी, ध्वनी दामल्यांनी, कला फत्तेलालांनी, छायाचित्रण धायबरांनी आणि हिशेब कुलकर्ण्यांनी सांभाळावा, अशी वाटणी झाली. दोनच वर्षांत, 1931 मध्ये, बोलपट आला. बोलपटाने कोल्हापूरच्या हातकारागिरीचा अंत केला असे एक मत आहे. ते मान्य करता येत नाही. ध्वनिमुद्रणाची विद्या ज्यांनी आत्मसात केली ते दामले त्याच कारखान्यात यंत्रे घडवून शिकले होते, तेही कोणत्याही विद्यालयाचे विद्यार्थी नव्हते. म्हणजे स्वयंशिक्षण कमी पडले नाही. कमी पडली ती एकहाती पद्धत. कारण ध्वनी आल्यावर चित्रपटाचा विस्तार एका माणसाच्या आवाक्यापलीकडे गेला. 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' मूकपटाबरोबरच संपली.

गुरूच्या कलेचा उत्तम पुरावा पाहावयाचा असेल तर 1936 चा 'संत तुकाराम' पाहावा. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल ह्यांचे. पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात ह्या चित्रपटाचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील शांतीची वाखाणणी सर्वांनी केली आहे. पण त्या शांतीला विश्वसनीयता येते ती तिच्याभोवतीच्या घरामुळे, जिजाईच्या संतापामुळे, चुलीच्या धुराने काळवंडल्यासारख्या वाटणाऱ्या भिंतींमुळे आणि म्हशीमुळे. ह्या घरात काहीही रंगवल्यासारखे वाटत नाही. वैकुंठाचे विमान येते तेव्हाही ते ह्याच अंगणावरून जाते, म्हणून त्यावर विश्वास बसतो. फत्तेलाल हे पडदे रंगवण्याच्या काळापासून ह्या बंधूंच्या हाताखाली तयार झालेले. आणि 1937 चा 'कुंकू' शांतारामांनी केला तो नारायण हरि आपटे ह्यांच्याच कथेवर, ज्यांच्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी बारा वर्षांपूर्वी शेतकरी रंगवला होता. टीकाकारांनी ह्या दोन चित्रपटांना 'प्रभात'चे युग म्हटले आहे. त्या युगाची बाराखडी कोल्हापुरात गिरवली गेली होती.

बाबूरावांच्या बोलपटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 'उषा' 1935 चा, 'सावकारी पाश' 1936 चा, 'प्रतिभा' व 'साध्वी मीराबाई' 1937 चे. मग नऊ वर्षांच्या खंडानंतर 'रुक्मिणी स्वयंवर'. मूकपटाच्या एका दशकात जे हात थकत नव्हते त्यांनी पुढील वीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकेच चित्रपट दिले. ह्या काळात ते चित्र आणि शिल्प ह्यांकडे अधिक वळले, म्हणजे जेथे हात एकच असला तरी चालते अशा कलांकडे.

'लोकशाहीर रामजोशी' हा 1947 चा चित्रपट ह्या संदर्भात विलक्षण आहे. निर्मिती 'राजकमल'ची, म्हणजे शांतारामांची. दिग्दर्शन बाबूरावांकडे सोपवलेले. काम पुरे झाले ते शांतारामांच्या हातून, आणि श्रेयनामावलीत दोघांची नावे आली. जयराम शिलेदार, हंसा वाडकर आणि ग. दि. माडगूळकरांची गीते ह्यांमुळे तो लोकप्रिय झाला. आजही तो पाहिला जातो. त्यातील कोणते दृश्य गुरूचे आणि कोणते शिष्याचे, हे ओळखण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. रंगभूमीचा, फडाचा आणि प्रेक्षकांचा तो पेशवाईतला माहोल पाहताना पडदे रंगवणाऱ्या तरुणाची आठवण व्हावी असे त्यात बरेच आहे. पण त्याच दृश्यांतील गतीवर शांतारामांची मोहोर आहे. दोन्ही हात एकमेकांत इतके मिसळले आहेत की त्यांची फाळणी करणे अविचाराचे ठरेल. ज्याने आयुष्यभर एकहाती काम केले त्याच्या गाजलेल्या अखेरच्या मराठी चित्रपटावर दोन हातांचे ठसे आहेत.

त्यानंतर 1952 चा 'विश्वामित्र' हा हिंदी चित्रपट, आणि 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात निधन. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 मध्ये. तेथे जुन्या फिल्मचे डबे गोळा होऊ लागले तेव्हा 'सैरंध्री', 'सिंहगड' आणि पहिला 'सावकारी पाश' ह्यांपैकी काहीच हाती आले नाही. 'मुरलीवाला'चे काही तुकडे मात्र वाचले आहेत.